सनातनी शहर कोणते?

लोहा हे गाव नांदेड-लातूर रस्त्यावर वसलेले आहे. महसुली दप्तराप्रमाणे ते नांदेड जिल्ह्यात येते. परंतु २००९ पासून येथील लोकसभेचे मत लातूर मतदारसंघात मोजले जाते. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज न्यायचा तो नांदेडला, मुलांना शिकवणीसाठी ठेवायचे ते लातूरला आणि पोटापाण्यासाठी जायचे ते पुण्याला किंवा मुंबईला, असा येथील माणसांचा चारी दिशांचा संसार आहे. त्यामुळे शहरांची तुलना हा येथील पारावरचा आवडता विषय झाला आहे. पुणे सनातनी, कोल्हापूर पुरोगामी, मुंबई मोकळी, नागपूर संघाचे आणि मराठवाडा मागासलेला, अशी प्रत्येकाची ठरलेली प्रमाणपत्रे असतात. ती कोणी दिली, केव्हा दिली आणि आज ती खरी आहेत काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

शुभवर्तमानात नथनिएलने नाझरेथ गावाविषयी जी शंका काढली ती याच जातीची होती. गावाचे नाव ऐकूनच त्याने माणसाविषयी मत बनविले होते. फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच सुचविले. या लेखात तेच करावयाचे आहे. काही शहरांपाशी जाऊन, त्यांच्या इतिहासातील ठळक प्रसंग पाहून, सनातनीपणाचे माप कसे घ्यावे याचा विचार करू.

तीन मापे

'सनातनी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कोणी त्याचा अर्थ मतपेटीवरून लावतो: अमुक पक्षाला निवडून देणारे शहर सनातनी. कोणी पाणवठ्यावरून लावतो: जेथे परक्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला शेजारी घर मिळत नाही, ते सनातनी. कोणी घराच्या उंबरठ्यावरून लावतो: जेथे मुलगी आपल्या मनाने शिकू शकत नाही, विधवा पुन्हा संसार मांडू शकत नाही, ते सनातनी. मतपेटी, पाणवठा आणि उंबरठा ही तीन मापे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळतातच असे नाही. आपली सारी गफलत येथे होते. पहिल्या मापाचे आकडे वृत्तपत्रात छापून येतात म्हणून त्यावरून आपण उरलेल्या दोहोंचा निवाडा करून मोकळे होतो.

हा गोंधळ केवळ आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेत मोठ्या शहरांची अशी क्रमवारी लावण्याचा छंद जुना आहे. २०१४ साली तेथील दोन राज्यशास्त्रज्ञांनी अडीच लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांतील नागरिकांची धोरणविषयक मते तपासून यादी सिद्ध केली. तीत ॲरिझोना राज्यातील मेसा हे सर्वांत पुराणमतवादी आणि सॅन फ्रान्सिस्को सर्वांत उदारमतवादी ठरले. यादी अभ्यासपूर्ण होती यात शंका नाही. परंतु बोस्टन शहराचा इतिहास अशा याद्यांच्या मर्यादा दाखवून देतो. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन निक्सन यांना सर्व राज्यांनी कौल दिला. अपवाद होता तो केवळ मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बोस्टन ज्याची राजधानी आहे त्या राज्याचा. मतपेटीच्या मापाने त्याहून उदार भूमी नव्हती. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या वस्तीतील शाळांत बसगाड्यांतून नेण्यास प्रारंभ झाला, तेव्हा दक्षिण बोस्टनमध्ये त्या बसगाड्यांवर दगड पडले. दगड मारणाऱ्या त्या वस्तीत आयरिश कॅथोलिक कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती, ही गोष्ट आपण विसरू नये. तेथील आर्चबिशप कार्डिनल मेदेरॉस यांनी वर्णभेदाच्या विरोधात भूमिका घेतली आणि या आदेशातून पळवाट काढू पाहणाऱ्यांसाठी कॅथोलिक शाळांनी आसरा होऊ नये असे बजावले. त्यांच्याच कळपातील अनेकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

याच्या उलट सॉल्ट लेक सिटी. मॉर्मन पंथाचे हे मुख्यालय, आणि ज्या युटा राज्याची ती राजधानी त्या राज्याने १९६८ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षालाच कौल दिला आहे. तरीही त्या शहराचे महापौरपद १९७६ पासून सातत्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या व्यक्तीकडे राहिले. शहराच्या नावावरून निष्कर्ष काढणाऱ्याची येथेही फसगत होते. आता ही तीन मापे घेऊन आपल्या महाराष्ट्राकडे वळू.

पुणे आणि कोल्हापूर: चहाचे दोन पेले

पुण्याला सनातनी म्हणण्यास कारणे भरपूर आहेत. १८९० साली अँग्लिकन पंथाच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण गेले आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. पुढे उपस्थितांची नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने शहराला पुरला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, तेव्हा विरोधाचे केंद्र पुणेच होते. १८९५ साली पुण्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची नाही असा आग्रह धरला गेला आणि रानड्यांना ती अन्यत्र भरवावी लागली. सुधारक आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली तीही याच शहरात.

पण आगरकर तरी कोठले होते? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली ती पुण्याच्या भिडे वाड्यात, आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला तोही पुण्यातच. पुणे कर्मठ दिसते याचे एक कारण असे की तेथे सनातनी आणि सुधारक या दोहोंपाशी छापखाने होते. ते जे भांडले ते छापून भांडले, म्हणून शतकानंतरही त्यांचा शब्द न् शब्द आपल्यापुढे आहे. ज्या गावांत भांडणच होऊ शकले नाही, कारण प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, त्या गावांची नोंद कोणत्याच वृत्तपत्रात सापडत नाही. आणि मतपेटीचे म्हणाल, तर याच पुण्याने १९५७ साली ना. ग. गोरे आणि १९६७ साली एस. एम. जोशी या दोन समाजवाद्यांना संसदेत पाठविले.

कोल्हापूरची कीर्ती राजर्षी शाहू महाराजांमुळे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९२० साली माणगाव येथे अस्पृश्यांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व त्यांनी जाहीरपणे गौरविले. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाने चहाचे दुकान काढावे म्हणून महाराजांनी त्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला. पंचहौदच्या चहाने पुणे हादरले आणि गंगाराम कांबळे यांच्या चहाने कोल्हापूर बदलले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुरोगामित्व शहराला वारशाने मिळत नाही. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या त्या कोल्हापुरातच, आणि जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त होऊन त्याच शहरात दंगल उसळली. राजाने दिलेले प्रत्येक पिढीने पुन्हा कमवावे लागते.

मुंबई आणि नागपूर

मुंबई मोकळी, असे आपण म्हणतो. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील यांचा पराभव केला. तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत काही काळ शिकलेला, मंगळूरच्या कॅथोलिक घरातील हा कामगार पुढारी मुंबईने आपला मानला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९ जून १९६६ रोजी, शिवसेनेची स्थापना झाली होती आणि परप्रांतीयांविरुद्धचा तिचा पुकारा त्याच शहरातील कामगार वस्त्यांत घुमू लागला होता. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. लाल बावट्याच्या गिरणगावात भगवा लागण्यास काही वर्षेच पुरली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जे घडले त्यात नऊशे जण मृत्युमुखी पडले, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. गर्दीत कोणी कोणाची जात विचारीत नाही ही मुंबईची थोरवी खरी. पण घर घेताना ती विचारली जाते. जातवार व धर्मवार गृहसंस्था या शहराने विसाव्या शतकाच्या आरंभापासून पाहिल्या, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती मंडळींच्याही होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

नागपूरची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. १९२५ च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली ती नागपुरात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तीही नागपुरातच. एकाच शहराच्या पोटात ही दोन स्मारके आहेत. मतपेटीचे पाहिले तर २०१४ पूर्वी नागपूरने भारतीय जनता पक्षाचा खासदार एकदाच, १९९६ साली, निवडून दिला होता. उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण उडाली त्या १९७७ च्या निवडणुकीतही नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी या पारशी गृहस्थांना विजयी केले. २०१४ पासून चित्र बदलले. पण शहरातील दीक्षाभूमीही तेथेच आहे आणि संघाचे मुख्यालयही तेथेच.

नांदेड आणि लातूर: आमचा आरसा

आता घराजवळ येऊ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागे, वृत्तपत्रे थोडी आणि तीही दबकून चालणारी. पुण्यात छापून भांडणे चालू होती तेव्हा येथे भांडणाला मुभाच नव्हती. निवडून दिलेल्या सरकारचा पहिला खरा अनुभव येथील जनतेला १९५२ च्या निवडणुकीने आला. तत्पूर्वी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा दिला, रझाकारांचे अत्याचार सोसले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली. या मुक्तीनंतरचे काही दिवस मात्र आपण स्मरणातून वगळतो. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या अहवालात ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली असे म्हटले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांनी ते केले नव्हते अशा शेजाऱ्यांना भोगावी लागली.

त्यानंतर तीस वर्षांनी मतपेटी आणि पाणवठा यांतील अंतर या जिल्ह्यात भयंकर रीतीने उघड झाले. १९७७ साली नांदेडने शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे यांना लोकसभेवर पाठविले. कंधार-लोह्याचा हा परिसर त्या पक्षाचा बालेकिल्ला होता. शेतकरी-कामगारांच्या राज्याची भाषा येथील पारापारावर चालत असे. मतपेटीच्या मापाने हा जिल्हा डाव्या विचारांचा ठरला असता. पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाडा पेटला. बिलोली तालुक्यातील टेंभुर्णी येथे ऑगस्टमध्ये पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नांदेड-लोहा रस्त्यावरील सोनखेडची दलित वस्ती जळाली. ज्या रस्त्याने आपण आज बसने जातो त्याच रस्त्यावर हे घडले. आग लावणारे कोणी बाहेरगावचे नव्हते. जे हात वर्षापूर्वी मतपत्रिकेवर शिक्का मारीत होते, त्यांतील काही हातांत काकडे आले. बोस्टनने १९७२ आणि १९७४ या दोन वर्षांत जे दाखविले, तेच नांदेडने १९७७ आणि १९७८ मध्ये दाखविले.

प्रश्न सुटण्यास पुढे सोळा वर्षे जावी लागली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. एका नावासाठी इतकी घरे का जळावी लागली, याचे उत्तर कोणत्याही मतमोजणीत सापडणार नाही. ते पाणवठ्यावर शोधावे लागते. डॉ. बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली, ती पाण्याची वाटणी जातीप्रमाणे होत होती म्हणूनच.

अलीकडच्या निवडणुका पाहिल्या तर मतपेटीवर विसंबणाऱ्याचे डोके चक्रावून जाते. २०१२ च्या नांदेड महापालिका निवडणुकीत एमआयएमला अकरा जागा मिळाल्या. २०१७ मध्ये एकही नाही, आणि ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसने जिंकल्या. दोनच वर्षांनी लोकसभेला नांदेडने भाजपला निवडले. लातूर महापालिकेत २०१२ साली भाजपचा एकही नगरसेवक नव्हता. २०१७ मध्ये ७० पैकी ३६ आले. २०१९ साली लातूरची लोकसभा भाजपने जिंकली आणि त्याच वर्षी लोह्याने विधानसभेवर शेतकरी कामगार पक्षाचा आमदार पाठविला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर कमाल झाली: नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी झाली. लोकसभेची जागा काँग्रेसने १,४५७ मतांनी राखली आणि त्याच मतदारसंघातील विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. एका दिवसात नांदेडकर सनातनी झाले की पुरोगामी? मत हे उमेदवार, जात, पाणी, पीकविमा, नाराजी आणि नातीगोती यांतून पडते. त्यावरून माणसाच्या अंतःकरणाचा ठाव घेणे धाडसाचे आहे.

उंबरठ्याचे माप लावले तर निराळेच चित्र दिसते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला ते नांदेड शिखांचे तीर्थक्षेत्र आहे. पंजाबातून आलेला यात्रेकरू येथे परका वाटत नाही. लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत अठरापगड जातींची माणसे एका मैदानात उतरतात. आणि शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'ने जे केले ते मोठमोठ्या परिषदांना जमले नाही: ज्या घरांतील आजी माहेराहून सासरी जाण्यापलीकडे एकटी कधी प्रवासाला गेली नाही, त्या घरांतील सतरा वर्षांची नात लातूरच्या वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तीच नात उद्या दुसऱ्या जातीतील वर निवडील तेव्हा हेच घर दार लावून घेईल, हेही तितकेच खरे. उंबरठा एका बाजूने झिजला, दुसऱ्या बाजूने तसाच उंच राहिला.

या 'मागासलेल्या' मराठवाड्यानेच जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे, त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्वागत केले. एक कॅथोलिक धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसावा, यास काही संघटनांनी विरोध केला. संमेलन तरीही भरले, आणि मंडप मराठवाड्याच्या माणसांनी भरला. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये निवर्तले. तो प्रसंग मात्र या भूमीच्या खात्यावर कायमचा जमा झाला आहे.

आपण स्वतः

ही मापे दुसऱ्यांना लावून झाली; आता ती स्वतःला लावली पाहिजेत. कॅथोलिक समाज सनातनी की पुरोगामी? संमतिवयाचा कायदा झाला त्याच १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढून कामगाराला न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क मिळावा असे प्रतिपादन केले. विवाह आणि गर्भातील जीव यांविषयी ख्रिस्तसभा ठाम, आणि मजूर व स्थलांतरित यांविषयी ती अनेक क्रांतिकारकांच्या जवळ. कोणत्याही एका मापात ती बसत नाही. वसईच्या आपल्या बांधवांचे उदाहरण घ्या. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे महापालिकेतून वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले आणि त्याच वर्षी शिवसेना-भाजप युतीचा पाठिंबा असलेले विवेक पंडित विधानसभेवर निवडून आले. त्यांना मत देणारे कॅथोलिक शेतकरी एका रात्रीत हिंदुत्ववादी झाले नव्हते. त्यांना आपली वाडी आणि विहीर राखायची होती.

पाणवठ्याचे माप मात्र आपल्याला अधिक बोचते. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद व अस्पृश्यता टिकून असल्याचे कबूल केले. एकाच वेदीवर, एकाच प्याल्याचे स्मरण करणाऱ्यांना ही कबुली द्यावी लागली. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला, आणि पुढच्याच वर्षी मराठवाडा पेटला. येथील ख्रिस्ती मंडळींतील पुष्कळ कुटुंबे जळालेल्या वस्त्यांच्या शेजारीच राहत होती. तेव्हा आपण कोणाच्या बाजूस उभे होतो, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना विचारण्याजोगा आहे, आणि ते आहेत तोवरच तो विचारता येईल.

म्हणून पुढच्या वेळी पारावर कोणी पुण्याला सनातनी, मुंबईला मोकळी आणि मराठवाड्याला मागासलेला म्हणेल, तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या गावात परक्याला भाड्याने घर मिळते काय? तुझ्या घरी कोणाच्याही हातचा चहा चालतो काय? तुझ्या मुलीने स्वतः वर निवडला तर तू तिच्या लग्नाला उभा राहशील काय? हे प्रश्न प्रथम आपण आपल्या घरी, रात्रीच्या रोझरीनंतर, एकमेकांना विचारून पाहावेत. निवडणुकीचा निकाल कोणता का लागेना, सोनखेडवरून जाणारी बस उद्याही नांदेडला जाणार आहे, आणि तीत आपल्या शेजारच्या आसनावर कोण बसले आहे याची आपल्याला किती अडचण वाटते, हे आपल्यावाचून दुसऱ्या कोणाला मोजता येणार नाही.